पत्रिकेत इंजिनिअर, हातात गिटार

आमच्या लग्नपत्रिकेत नवरदेवाच्या नावाखाली "इंजिनिअर, पुणे" असं छापलं होतं. त्यातलं पुणे तेवढं खरं. माझा नवरा गिटार वाजवतो. जॅझ आणि ब्लूज वाजवतो, हे मी मुद्दाम सांगते, कारण नुसतं गिटार म्हटलं की लोक लगेच विचारतात, "मग वाढदिवसाला येतात का?" येतो हो, बोलावलंत तर येतो, पण तुमची पोरं नाचणार नाहीत आणि मग मलाच फोन करून बोलाल.

पत्रिकेतली थाप माझ्या वडिलांची, म्हणजे आबांची. उमापूरच्या अलीकडे आमचं गाव. घरी शेती, आबा दोनदा सरपंच झालेले. त्यांच्या शब्दावर गावातल्या सोयरिकी जुळायच्या आणि मोडायच्यासुद्धा. अशा माणसाची धाकटी लेक गिटारवाल्याशी लग्न करते म्हणाल्यावर घरात काय झालं असेल ते मी सांगत बसत नाही. आठ दिवस चूल कशीबशी पेटली एवढं पुरे. शेवटी आबांनीच वाट काढली. नवऱ्याने बीडला इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला होता. त्या विद्येचा उपयोग त्याने आजवर फक्त गिटारचे ॲम्प्लिफायर दुरुस्त करायला केला, पण आबांना तेवढं बोट पुरलं. "डिप्लोमा म्हणजे इंजिनिअरच की," असं म्हणून त्यांनी छापखान्यात मजकूर दिला.

आता हा माणूस गिटारीच्या नादाला लागला कसा, ते सांगते. तो शिरूर कासारकडचा. आई-बाप ऊसतोडीला जाणारे. दिवाळी सरली की मुकादमाचा ट्रॅक्टर यायचा आणि भांडीकुंडी, कोंबड्या, पोरं असं सगळं ट्रॉलीत चढायचं. अकरा-बारा वर्षांचा होईपर्यंत हाही जायचा. कारखान्याजवळच्या माळावर पाचटाच्या कोप्या टाकून मंडळी राहायची, आणि माळाच्या पलीकडे कारखान्याची कॉलनी. तिथे एक फिटर राहायचा. तरुणपणी तो शहरात कुठल्याशा बँडमध्ये वाजवत होता म्हणे. पुढे लग्न झालं, नोकरी लागली, गिटार घरी आणि माणूस साखरेत. पण सुट्टीच्या दिवशी तो क्वार्टरच्या पायरीवर बसायचा आणि करंगळीत पान्याची गोटी घालून तारांवरून घासत वाजवायचा. गोटी म्हणजे नट फिरवायची ती पोकळ लोखंडी टोपी. आमचे साहेब शेळी बांधायला म्हणून निघायचे आणि त्या पायरीवर जाऊन बसायचे. शेळी दोनदा हरवली आणि दोन्ही वेळा याने मार खाल्ला.

फिटरने त्याला तीन सूर शिकवले, पुढच्या हंगामात आणखी चार, आणि निवृत्त होऊन गावी जाताना गिटार, गोटी आणि कॅसेटींचा एक डबा देऊन टाकला. गिटारीला चारच तारा होत्या. नव्या तारा कुठे मिळतात हेच याला माहीत नव्हतं, म्हणून त्याने चुलत्याच्या मोटारसायकलच्या क्लच वायरचे पदर सोडवून लावले. गिटारीची मान वाकली, बोटं फाटली आणि चुलत्याची गाडी भर बाजारात बंद पडली. कॅसेटमधली गाणी इंग्रजीत. त्यातला एक शब्द कळत नव्हता. "कुणीतरी दुखणं सांगतंय एवढं कळायचं," असं तो म्हणतो. हे तो मुलाखतीतही सांगतो, आवाज जरा खाली आणून. मी समोर असले की हळूच म्हणते, लई झालं आता.

मला ब्लूज त्यानेच समजावून सांगितले. एक ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची आणि तिसऱ्या ओळीत त्याचा निकाल लावायचा. मी म्हटलं, यात नवीन काय? माझी आई असंच भांडते. "तुमाला मी सांगितलं होतं. सांगितलं होतं का न्हाई मी तुमाला? आता बसा." झालं की ब्लूज. जॅझचं म्हणाल तर मला अजूनही पुरतं कळत नाही. वऱ्हाड कुठल्याही वाटेनं भटकलं तरी घटकेला मांडवात हजर पाहिजे, एवढं मी धरून चालते आणि बरोबर जागी टाळ्या वाजवते.

आमची गाठ पडली बीडला. मी बी.एड. करत होते आणि कॉलेजच्या स्नेहसंमेलनाची चिटणीस होते. तो तेव्हा एका ऑर्केस्ट्रात वाजवायचा. जत्रा, लग्न, पुढाऱ्यांचे वाढदिवस, जिथे मांडव तिथे ही मंडळी. एकदा एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाला केक कापताना याने नेहमीच्या चालीत एक तिरका जॅझचा सूर घातला, तर कार्यकर्ता स्टेजवर चढून म्हणाला, "नीट वाजव बे, साहेबांचा केक हाय." तर असा हा कलावंत. आमच्या संमेलनाला त्यांचा गायकच वेळेवर आला नाही. पोरं खुर्च्या आपटायला लागली. मी याला म्हटलं, काहीतरी वाजव. याने डोळे मिटले आणि पंधरा मिनिटं असं काही संथ वाजवलं की मागच्या रांगा घरी गेल्या. मी विंगेतून तणतणत आले. "हे काय रडगाणं लावलंय?" तो म्हणाला, "रडगाणंच आहे, मॅडम." इतक्या शांतपणे म्हणाला की मला हसू आलं. तिथेच फसले.

बीडमध्ये पोरापोरींनी भेटायला जागा कुठे आहे? आम्ही कपिलधारला जायचो. देवदर्शनाला चाललो म्हटलं की कुणी अडवत नाही, आणि पाऊसकाळात धबधब्याच्या आवाजात कुणाला काही ऐकूही जात नाही. सहा-सात वेळा दर्शन झालं. घरी आईला वाटायला लागलं, पोरीला वैराग्य येतंय का काय.

पुढे डीजे आले आणि ऑर्केस्ट्रे बसले. एका पेटीत सगळी वाद्यं मिळत असताना आठ माणसांना जेवू कोण घालणार? बाकीच्यांनी कुणी रिक्षा घेतली, कुणी दुकान टाकलं. हा गिटार घेऊन पुण्याला गेला. सोसायट्यांमध्ये फिरून पोरांना शिकवलं, रविवारी एका हॉटेलात लोक इडली खात असताना कोपऱ्यात बसून वाजवलं. त्या कोपऱ्यात त्याला एक ड्रमवाला भेटला, त्याच्या ओळखीने बेसवाला भेटला आणि तिघांनी मिळून स्वतःचा बँड काढला. आता बंगळूर, गोवा, कोलकाता, शिलाँग इथे बोलावणी येतात. तिथली माणसं तिकीट काढून, मोबाईल खिशात ठेवून ऐकतात. मी पहिल्यांदा गेले तेव्हा मला वाटलं, एवढी शांतता कावून? कुणी गेलं का काय?

तर असं सगळं बरं चाललं होतं. पुण्यात मला शाळेत नोकरी, याला नाव. अडचण एकच होती. गावी हा इंजिनिअर होता.

धोंड्याचा महिना म्हणजे अधिक महिना. दर तीन वर्षांनी येतो आणि त्या महिन्यात जावयाला घरी बोलावून, पाटावर बसवून, पुरणाचे धोंडे जेवू घालायचे, तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं. ज्या सासऱ्याने जावयाला धोंड्याला बोलावलं नाही त्याला आमच्याकडे लोक तोंडावर विचारतात. लग्नानंतरच्या पहिल्या धोंड्याला आम्ही गेलो तेव्हा जेवण होतंय न होतंय तोच ओसरीत माणसं जमली. जो तो खिशातून घडी केलेला कागद काढत होता. "जावईबापू, पोराचा बायोडाटा हाय. तुमच्या कंपनीत कुठंबी चिकटवा." आबा मान डोलावत होते. आणि आमचा नवरा, ज्याला नाही म्हणता येत नाही, तो प्रत्येकाला "बघतो" म्हणाला. नऊ बायोडाटे घेऊन आम्ही परत आलो. ते त्याने गिटारच्या पेटीच्या खणात ठेवले आणि विसरला. पुढे बंगळूरला भर कार्यक्रमात गाण्यांची यादी म्हणून त्याने कागद काढला, तर त्यावर लिहिलेलं, आयटीआय वेल्डर, उंची पाच फूट सात इंच, निर्व्यसनी.

ड्रमवाला तीन दिवस हसत होता. हा हसला नाही.

यंदाचा धोंड्याचा महिना ऐन उन्हाळ्यात आला. आईचा फोन आला तेव्हा हा पेटीच्या खणातले ते नऊ कागद काढून बसला होता. मला म्हणाला, "ही नऊ पोरं तीन वर्षं माझ्यावर विसंबून आहेत. मी येतो. पण या वेळी कुणी विचारलं तर मी बघतो म्हणणार नाही. आणि मी गिटार वाजवतो हेही मी सांगणार नाही. ज्यांनी इंजिनिअर केलं त्यांनी सांगायचं. त्यांना ते नाही जमलं, तर हा माझा शेवटचा धोंडा."

हा माणूस कधी रागावत नाही. त्याच्या वाटचंही मीच रागावते, अशी आमची वाटणी आहे. त्यामुळे तो असं शांतपणे बोलला की मला कळतं, आता हा हलायचा नाही. एकीकडे नवरा, ज्याचं काहीच चुकलं नव्हतं. दुसरीकडे आबा, ज्यांनी आयुष्यात कुणापुढेही चुकलो असं म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. मी आईला फोन करून सगळं सांगितलं. आईने आबांना सांगितलं. आबांचं उत्तर आलं, "या म्हणावं." एवढंच. सांगणार का नाही, काही पत्ता नाही.

पुण्यात मी नवऱ्याला अरे म्हणते. गावाकडे जाताना शेवगाव सुटलं की अहो. तसं अहो करत आम्ही भर दुपारच्या आधी गावात पोचलो. गिटार बरोबर होतीच, दोन दिवसांनी त्याचा कार्यक्रम होता. आईने दारातच भाकर-तुकडा ओवाळला आणि हळूच म्हणाली, "ते गाडीतच ऱ्हाऊ दे गं. लोक येतेत." मी म्हटलं, माय, या उन्हात बंद गाडीत ठेवली तर तिचा सरस सुटतो, तारा अडकवायचा पूल उखडून हातात येतो. आईला पूल कळला नाही पण सरस सुटतो हे कळलं. मग गिटार घरात आली आणि सगळ्यात थंड जागा म्हणून माजघरात कूलरसमोर आडवी झाली. आबांनी जाता-येता दोनदा तिच्याकडे पाहिलं.

मी आणि वहिनी पुरण शिजवत होतो. ओसरीत पाच-सात माणसं जमली होती. नवरा भिंतीला टेकून बसला होता, आबा त्याच्या शेजारी. तेवढ्यात आबांचे दोस्त आले. यांना मी काका म्हणते. आबांच्या बरोबरचे, एकाच वर्गात नापास झालेले, आबांच्या दोन्ही निवडणुकांत घरोघर हिंडलेले. आबांना बे म्हणणारा गावात एवढा एकच माणूस. त्यांच्या पोराचा बायोडाटा त्या नऊ कागदांत सगळ्यात वरचा होता, हे मला माहीत होतं. मी पुरण सोडून दाराशी येऊन उभी राहिले.

काकांनी पाणी घेतलं, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि नवऱ्याला म्हणाले, "जावईबापू, पोराला जालन्याच्या स्टील कारखान्यातून बोलावणं आलंय. सोमवारी हजर व्हा म्हणतेत. मी म्हणलं, आपलं माणूस पुण्यात हाय, आधी त्यांला इचारू. तुमी थांब म्हणलं तर थांबतो, जा म्हणलं तर जातो."

नवऱ्याने काकांकडे पाहिलं आणि मग मान वळवून आबांकडे पाहिलं. ओसरीतले बाकीचेही आबांकडे बघायला लागले.

आबा म्हणाले, "जाऊ दे की जालन्याला. हातची नोकरी कावून सोडायची?"

मी मनात म्हटलं, संपलं. सुटायची वाट सापडली यांना. पोरगं जालन्याला जाईल, कुणाचं नुकसान नाही, आणि जावई इंजिनिअरचा इंजिनिअर. मला आबांचा इतका राग आला की हातातलं उलथनं मी घट्ट धरून ठेवलं.

पण काका काही सोडेनात. "जाऊ देतो की. पण मग मागची कावून सोडायला लावली म्या? संभाजीनगरला बोलावलतं त्याला, दोन सालं झाली. मीच जाऊ दिलं न्हाई. म्हणलं, सरपंचाचा शब्द हाय, जावई बघतो म्हणलेत. आता जावयाच्या कंपनीत जागाच न्हाई म्हणतो का तू?"

हे आबांना माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. आबांचा हात गुडघ्यावर फिरायला लागला. निवडणुकीचा निकाल लागायचा असला की ते असाच हात फिरवायचे.

"जावयाची कंपनीच न्हाई," आबा म्हणाले. "कवाच नव्हती. ते गिटार वाजवतेत. त्यावरच घर चालवतेत आन् चांगलं चालवतेत. इंजिनिअर मी छापलं. चूक माझी हाय. तुझ्या पोराची दोन सालं वाया गेली ती माझ्यामुळं गेली."

नवऱ्याने मान खाली घातली. त्याला जिंकल्यासारखं वाटेल असं मला वाटलं होतं. त्याचा चेहरा मात्र असा झाला होता की जणू चूक यानेच केली. मला तर रडूच आलं, आणि वहिनी मागून म्हणाली, "पुरण लागतंय खाली," म्हणून मला आत पळावं लागलं.

परत आले तेव्हा काका उभे राहिले होते. टोपी डोक्यावर. "चार सालं बे?" ते म्हणाले. "मला, मला सांगितलं न्हाईस तू? कावून छापलंस असलं?"

"लाज वाटली," आबा म्हणाले. "ऊसतोड्याचं पोरगं, त्यात वाजवणारं. मला वाटलं, लोक काय म्हणतील."

नवरा समोर बसला असताना म्हणाले. मला वाटलं आता हा उठतो. पण तो उठला नाही. नंतर मला म्हणाला, "चार वर्षांत पहिल्यांदा ते माझ्याविषयी खरं बोलत होते, मध्येच कसा उठू?"

काका पायरी उतरले. चपला पायात घातल्या. तिथे उभे राहून काहीतरी पुटपुटले आणि पुन्हा चपला काढून वर आले. आबांकडे पाठ करून, नवऱ्यासमोर मांडी घालून बसले. "तुझ्याशी नंतर बोलतो," हे आबांना. मग नवऱ्याला, "तुमचा काय दोष यात? आणा, बघू तरी काय वाजवता. माझ्या पोराची दोन सालं गेलीत त्यात, ऐकायचा हक्क हाय मला."

गिटार बाहेर आली. छोटा ॲम्प्लिफायर होताच. पण कूलरच्या घरघरीत काही ऐकू येईना, तेव्हा आईने उठून कूलर बंद केला. आमच्याकडच्या त्या दिवसांत भर बारा वाजता कुणी कूलर बंद केला तर लोक त्याला घराबाहेर काढतील. पण एकही माणूस हलला नाही. सगळे घामाने निथळत बसून राहिले.

त्याने करंगळीत गोटी घातली आणि स्वतः बांधलेली एक धून सुरू केली. आधी हळू, मग खालून वर चढत जाणारा एक लांबलचक सूर, मध्येच दम लागल्यासारखा अडतो, पुन्हा चढतो. बंगळूरला, कोलकात्याला लोक येऊन सांगतात, काय आगगाडी वाजवलीत. हा हसून थँक्यू म्हणतो. काकांनी अर्धं मिनिट ऐकलं आणि हात वर केला. "थांबा. हे दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर हाय ना? घाटाला लागलेला?"

नवऱ्याचा हात थांबला. "होय," तो म्हणाला. "आई-बापांबरोबर तोडीला जायचो तेव्हाचा."

"तरीच. दुसऱ्या गेअरवर टाकायला पायजे तिथं तुमी तिसऱ्यावर ओढताव."

ओसरी हसली. नवरा इतका खूश झालेला मी कुठल्याच शहरात पाहिला नाही. त्याने धून पुन्हा सुरुवातीपासून घेतली आणि त्या जागी खरंच काहीतरी बदललं. आता काय बदललं ते मला विचारू नका, पण काका म्हणाले, "हां, आता चढला." मग त्याने आणखी दोन वाजवल्या. शेवटचीला आमच्या आईने पदराने वारा घेता घेता ठेका धरला होता आणि तो चुकीचा होता.

सगळं झाल्यावर आबांनी विचारलं, "हे असं बोटात बसायला किती सालं लागली तुमाला?"

"पंधरा-सोळा लागली असतील."

आबांनी विचार केला. "इंजिनिअर चार सालात होतो," ते म्हणाले, आणि आईला कूलर लावायला सांगितलं.

मग धोंडे झाले. आबांनी स्वतः जावयाला गंध लावलं, टोपी घातली, वाण हातात दिलं. काकांनाही आग्रहाने पंगतीला बसवलं. ते आबांशी एक अक्षर न बोलता सात धोंडे जेवले. त्यांचा पोरगा सोमवारी जालन्याला हजर झाला. बाकीचे आठ कागद नवऱ्याने ज्याच्या त्याच्या घरी जाऊन परत केले, आणि प्रत्येक घरी चहा प्यावा लागल्यामुळे त्याला संध्याकाळपर्यंत पित्त झालं. काका आबांवर पंधरा दिवस रुसून होते. सोळाव्या दिवशी चहाला आले आणि आल्या आल्या भांडण काढलं, म्हणजे सगळं सुरळीत झालं.

मला वाटलं, गोष्ट इथे संपली. गेल्या आठवड्यात गेवराईहून चुलतबहिणीचा फोन आला. "ताई, दाजी अमेरिकेत वाजवून आले आन् तू आमाला सांगितलंबी न्हाई?"

मी म्हटलं, कोण म्हणालं? म्हणाली, "आबाच सांगत होते बाजारात. समद्यांला ठाऊक हाय. तिथले लोक उभे ऱ्हाऊन टाळ्या वाजवत होते म्हणे."

मी तावातावाने आबांना फोन लावला. नवरा तारा बदलत शेजारी बसला होता, त्याला ऐकू जावं म्हणून स्पीकर चालू केला. म्हटलं, "आबा, एक खोटं निस्तरलं त्याला महिना झाला न्हाई, आन् तुमी दुसरं काढलंत? ते अमेरिकेला कवाच गेले न्हाईत."

"कवाच न्हाई?"

"कवाच न्हाई. पासपोर्टसुद्धा कोरा आहे त्यांचा."

मला वाटलं, ओशाळले. नवरा तार हातात धरून तसाच थांबला होता.

"अजून गेले न्हाईत ना?" आबा म्हणाले. "मग जातील. एवढं वाजवतेत, कुणी न्यायचं न्हाई का त्यांला? तवर तू कुणाला काय बोलू नको."

नवऱ्याने तार खाली ठेवली आणि उठून आत गेला. मी पाठोपाठ गेले तर तो कपाटात पासपोर्ट शोधत होता.